बाल्कनीचं दार उघडा

(कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतलं, मे २०२१ मधलं एक पत्र आणि त्याला उत्तर)

‘काकू, सप्रेम नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्याला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि यंदा परीक्षा न देताच दहावी होणारा मुलगा. यजमान पॉझिटिव्ह आले, आज नववा दिवस. ताप उतरलाय, ऑक्सिजन ९७ आहे, आतल्या खोलीत वेगळे राहतात. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही, घराच्या दाराबद्दल आहे.

एप्रिलमध्ये सासूबाईंचे सांगलीचे धाकटे भाऊ कोरोनाने गेले. तेव्हापासून बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आई तीन दिवस बाल्कनीत ठेवतात. खोकी, किराणा, टपाल, सगळं. आधी सॅनिटायझरचा फवारा, मग बाल्कनी. त्या सामानावरचं वारं घरात नको म्हणून बाल्कनीचं दारही बंद असतं. गेल्या आठवड्यात मेडिकलवाल्याचा मुलगा अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, इन्सुलिन देऊन गेला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी बघते तर पिशवी बाल्कनीत, उन्हात. उचलून फ्रिजमध्ये ठेवली. राजापूरच्या आत्यांचं पत्र आलं होतं, तेही बाल्कनीतच होतं, तौक्ते वादळाच्या पावसात भिजलं. पेपर गेल्या वर्षीच्या मार्चपासून बंद आहे. अण्णा अजून अधूनमधून विचारतात. परवा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला तर आईंनी दारच उघडलं नाही, तो परत गेला. काही बोलले तर म्हणतात, “तुझा भाऊ नाही गेला.” यावर मी काय बोलणार? सामान नक्की किती दिवस ठेवायचं? कशाने पुसायचं? की मीच निष्काळजी आहे?
— एक सून, पुणे’

तुम्ही मला काकू म्हटलंत, म्हणून हक्काने एक गोष्ट आधी सांगते. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. फ्रिजमधलं ते इन्सुलिन अण्णांना देऊ नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरायला काढलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण तेही ३० अंशांच्या आत आणि सावलीत. मे महिन्यातल्या पुण्याच्या उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर तापल्यावर त्याचा जोर कमी झालेला असू शकतो आणि ते बघून कळत नाही. एरवी स्वच्छ असणारं गढूळ दिसलं, गुठळ्या दिसल्या तर टाकायचंच, पण स्वच्छ दिसतंय म्हणून चांगलं आहे असं नसतं. नंतर फ्रिजमध्ये ठेवून गेलेला जोर परत येत नाही. दोन-चार दिवस त्यातूनच टोचणं चाललं असेल, तर आजच साखर तपासा, आकडे लिहून ठेवा, डॉक्टरांना फोन करा आणि नवं मागवा. नवं आलं की दारातून थेट फ्रिजमध्ये. फ्रीझरमध्ये नाही, दाराच्या कप्प्यातही नको, आतल्या फळीवर. पिशवीला हात लावलेला चालतो, हात धुतले की झालं. औषधाला बाल्कनी नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

आता मूळ प्रश्न. तीन दिवस कुठून आले?

१७ मार्च २०२० ला अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. संशोधकांनी विषाणू असलेल्या द्रवाचे थेंब वेगवेगळ्या पृष्ठभागांवर ठेवले आणि तो किती वेळ जिवंत राहतो ते पाहिलं. तांब्यावर ४ तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नाही. पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर नाही. स्टीलवर आणि प्लास्टिकवर तो दोन-तीन दिवस सापडत राहिला. त्यातला सगळ्यात मोठा आकडा, ७२ तास, तेवढा जगभर फिरला. तुमच्या बाल्कनीत मुक्काम करून आहे तो हाच.

पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, ती कुणी पुढे पाठवली नाही. प्लास्टिकवरसुद्धा विषाणू साधारण दर सात तासांनी निम्मा होत होता. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा असं करत गेलं की तिसरा दिवस संपेपर्यंत हजारातला एकही उरत नाही. जे सापडलं ते प्रयोगशाळेच्या बारीक मोजमापात सापडलं. शिवाय सुरुवातीला थेंबात ठासून विषाणू होता, खोलीचं तापमान २१ ते २३ अंश होतं, ऊन नव्हतं. तुमचं खोकं पुठ्ठ्याचं, टेम्पोत तापलेलं, आणि त्यावर कुणी मुद्दाम विषाणूचा चमचा ओतलेला नाही.

त्याच सुमारास दुसरी एक बातमी आली होती. जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजाच्या खोल्यांत, प्रवासी उतरून गेल्यावर १७ दिवसांनीही कोरोनाचा अंश सापडला. ती वाचून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण सापडला होता तो विषाणूचा जनुकीय अंश, जिवंत विषाणू नव्हे. साप निघून गेल्यावर कात पडलेली दिसते, तसं. कातीला पाहून दचकायला होतं, पण कात चावत नाही.

५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे त्यांच्या रोगनियंत्रण केंद्राने, तोवरचे सगळे अभ्यास एकत्र पाहून सांगितलं की विषाणू लागलेल्या वस्तूला दहा हजार वेळा हात लागला तर त्यातून सर्वसाधारणपणे एकालाही लागण होणार नाही. लक्षात घ्या, हे विषाणू लागलेल्या वस्तूबद्दल आहे. तुमच्या दारात येणाऱ्या बहुतेक वस्तूंवर तो मुळात नसतोच. आणि एप्रिल २०२१ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट लिहिलं की लागण मुख्यतः जवळच्या माणसाच्या श्वासातून होते, आणि कोंदट, हवा न खेळणाऱ्या जागेत तो श्वास दूरवर आणि जास्त वेळ तरंगत राहतो.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं वाक्य इन्सुलिनचंही नाही. ‘बाल्कनीचं दारही बंद असतं’ हे ते वाक्य. आतल्या खोलीत पॉझिटिव्ह माणूस, दोन म्हातारी माणसं, तिसरा मजला, आणि घरातली सगळ्यात मोठी खिडकी म्हणावी असं ते दार खोक्यांच्या भीतीने बंद! घराचं नाकच दाबून धरलंय तुम्ही. विषाणू बाल्कनीत नाही, असलाच तर आत आहे, आणि त्याला बाहेर जायचा रस्ता खोक्यांनी अडवलाय. आज संध्याकाळी ती खोकी आत घ्या, फोडा, पुठ्ठा भंगारवाल्यासाठी बांधून ठेवा आणि दार उघडा. यजमानांच्या खोलीची खिडकी दिवसरात्र उघडी, खोलीचं दार बंद, दाराच्या फटीला जुनी चादर लावा. जमलं तर खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे खोलीतली हवा हॉलमध्ये न येता बाहेर जाईल. डास येतील म्हणून आई कुरकुरतील. जाळी लावा, उदबत्ती लावा, पण उघडं ठेवा.

तरीही खोकं आणि पाकीट हाताळायचं कसं, हे विचारलंत तर सांगते, फार नाही. घ्यायचं, उघडायचं, वेष्टन टाकायचं, साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. मधल्या वेळात नाकाडोळ्याला हात लावायचा नाही. झालं. खोक्यावर विषाणू असलाच तरी त्याला तुमच्या बोटावर चढून, तिथून नाकात किंवा डोळ्यात पोचायचं असतं. हात धुतला की त्याची वाट तिथेच तुटते, मग खोकं पुसलं काय, न पुसलं काय. दुधाच्या पिशव्या नळाखाली धरा आणि दूध तापवा, ते आपण महामारी नसतानाही करतो. भाजी वाहत्या साध्या पाण्याने धुवा. साबण नको, सॅनिटायझर नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गेल्या वर्षीच हे सांगितलं होतं. साबण भाजीच्या सुरकुत्यांत बसतो आणि पोट बिघडवतो.

हे मी मोठ्या शहाणपणाने लिहितेय, पण गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मीसुद्धा पालकाची जुडी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवली होती. एकतीस वर्षं सरकारी आरोग्यखात्यात काढलेली बाई! त्या पालकाच्या भाजीला असा काही फेस आला की आमच्या ह्यांनी एक घास खाऊन विचारलं, ‘लिंबूवाला घेतलास का?’ वर्तमानपत्राला इस्त्री करणारे लोकही मी आमच्या इमारतीत पाहिलेत, त्यातले एक इंजिनिअर होते. तेव्हा माहिती कमी होती आणि भीती भरपूर, त्यामुळे कुणाला हसायचं कारण नाही. पण वर्ष उलटलं. माहिती वाढली तरी आपली भीती मार्च २०२० मध्येच राहिली.

फवाऱ्याबद्दल मात्र थोडं कडक बोलते. सॅनिटायझरमध्ये साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. ओल्या पिशव्या ओट्यावर, शेजारी गॅस. किंवा फवारलेल्या हाताने देवापुढे निरांजन. आईंना हे आधी सांगा. दुसरं, औषधाच्या पट्टीवर फवारलं की छापलेली तारीख पुसली जाऊ शकते. मग गोळी कोणती आणि मुदत कधीची, हे कोण सांगणार? चेकवर, शाईच्या सहीवर, पावतीवर फवारा मारला तर कागदही गेला आणि कामही गेलं. तिसरं, ब्लीच वापरत असाल तर ते संडास धुवायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो श्वासात गेला तर कोरोना परवडला म्हणाल. आणि माणसावर फवारा मारायचा नाही. हेही हसण्यावारी नेऊ नका. २०२० साली गावी परतणाऱ्या मजुरांवर औषधं फवारली गेली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये लेखी सांगावं लागलं की हे अजिबात करू नका. फवाऱ्याने शरीरातला विषाणू मरत नाही, डोळे मात्र जळतात.

कागदाला शिक्षा करायची ही हौस आजची नाही. युरोपात दोन-तीनशे वर्षांपूर्वी पूर्वेकडून आलेली पत्रं माल्टा, मार्सेय अशा बंदरांत अडवून ठेवत. चिमट्याने धरून त्यांना चिरा पाडत, व्हिनेगरमध्ये बुडवत, गंधकाची धुरी देत. अशी चिरलेली, डागाळलेली पत्रं आज संग्राहक पैसे मोजून घेतात. प्लेग काही त्या कागदातून येत नव्हता. आपल्या पुण्यातच १८९७ साली प्लेगच्या नावाखाली घरांत शिरून सामान बाहेर काढलं, जाळलं, भिंतींना चुना फासला. त्या संतापातून पुढे काय घडलं ते इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदराच्या अंगावरची पिसू पसरवते. सगळे गाद्या जाळत होते, पिसू मात्र उड्या मारत फिरत होती. माणसाचं हे असंच आहे. जे हाताला लागतं त्याच्यावर राग काढायचा. हवा हाताला लागत नाही.

तर दाराकडे येऊ. दारातला धोका खोक्यात नाही, खोक्याच्या मागच्या माणसात आहे आणि खोक्याच्या पुढच्या माणसातही. तुमच्याकडे तर पुढच्यात जास्त! हे वाक्य टोचेल, पण नीट बघा. मेडिकलवाल्याचा मुलगा तीन मजले चढून येतो, धापा टाकतो, मास्क नाकाखाली घसरलेला. तुम्ही किंवा आई दार उघडता, फवारा मारता, सुट्टे शोधता, पावती तपासता, ‘गोळ्या त्याच कंपनीच्या आहेत ना रे?’ विचारता. पाच मिनिटं समोरासमोर, बोळकांडीसारख्या पॅसेजमध्ये. आणि मागे घरात पॉझिटिव्ह पेशंट. तुम्ही सगळे त्याच्या संपर्कातले आहात, म्हणजे तुमच्यापैकी कुणीही लक्षणं नसताना विषाणू सोडत असू शकतं. तो पोरगा तुमच्या घरी आजार आणतोय की तुमच्या घरून नेतोय? तो दिवसात चाळीस दारं फिरतो. त्याच्याही घरी कुणी अण्णा असतील.

म्हणून दार उघडण्याआधी मास्क, नाकावर. दाराबाहेर एक स्टूल ठेवा किंवा कडीला पिशवी अडकवा. दुकानदाराला फोनवरच सांगून ठेवा की घरात पेशंट आहे, सामान स्टुलावर ठेवून बेल वाजवून खाली जायचं. पैसे मोबाईलवरून, ओटीपी फोनवर. वस्तू तपासायची असेल तर तो गेल्यावर तपासा. कमीजास्त असलं तर फोन आहेच. ज्यांची बाल्कनी रस्त्याच्या बाजूला आहे त्यांनी दोरीला टोपली बांधून खाली सोडावी. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या आज्या याच टोपलीने भाजी घ्यायच्या, त्यांना कुणी साथीचं शास्त्र शिकवलं नव्हतं, गुडघे दुखायचे म्हणून.

लिफ्टमध्ये तुम्ही बसू नका, खरं तर सध्या घराबाहेरच पडू नका. लिफ्ट म्हणजे माणसाच्या उंचीची डबी, तिच्यात आधीच्या माणसाचा श्वास तसाच राहिलेला असतो. राज्य सरकारच्या एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ या कोरोना-निर्बंधांच्या आदेशातही म्हटलं होतं की इमारतीत बाहेरच्या डिलिव्हरीवाल्याने प्रवेशद्वारापर्यंतच यायचं आणि तिथून वर न्यायचं काम इमारतीच्याच ठरलेल्या माणसाने करायचं. नियम चांगला होता, पण त्याने सगळं ओझं वॉचमनवर टाकलं. साठ घरांची पार्सलं, पन्नास पोरांशी बोलणं, आणि बसायला चार बाय चारची केबिन, जिची खिडकी पंख्याचा वारा बाहेर जाऊ नये म्हणून बंद. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा की पार्सलांचं टेबल केबिनच्या आत नको, पार्किंगमध्ये उघड्यावर मांडा. वॉचमनला चांगले मास्क द्या, आणि त्याला लस घ्यायला एक दिवस भरपगारी सुट्टी द्या. आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात सहा जण पॉझिटिव्ह निघाले. सगळ्यांनी पार्सलांना दोष दिला. मागाहून कळलं, त्यातले पाच जण रोज रात्री जेवणानंतर पार्किंगमध्ये पत्ते कुटायला बसत होते, मास्क हनुवटीवर. त्यांच्या घरचा किराणा मात्र तीन दिवस ‘क्वारंटाइन’ होत होता.

पोस्टमनचं जे झालं ते मला लागलं. आपल्याकडे सोवळंओवळं कुठेच गेलेलं नाही, हे या साथीने दाखवलं. बाहेरून आल्यावर हातपाय धुणं ही त्यातली चांगली बाजू, ती ठेवा. पण वस्तूचा विटाळ माणसाला चिकटायला वेळ लागत नाही. गेल्या वर्षी सगळा देश घरात बसला तेव्हा ही खाकीतली माणसं मनीऑर्डरी आणि औषधांची पाकिटं वाटत फिरत होती. बोटाचा ठसा घेऊन म्हाताऱ्यांना बँकेतले पैसे दारात आणून देत होती. त्यांना बंद दार बघायला लागू नये. रजिस्टरचं असं करा. तो सूचनेची चिठ्ठी टाकून गेला असेल तर ती शोधा, फवाऱ्यात विरघळली नसेल तर. पोस्टात फोन करा, घरात पेशंट आहे म्हणून मोकळेपणाने सांगा आणि पुन्हा कधी आणता येईल ते विचारा. पाकीट पोस्टात थोडेच दिवस ठेवतात, मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. तेव्हा टाळाटाळ नको. स्वतः जाऊ नका, मुलालाही पाठवू नका, तुम्ही संपर्कातले आहात. शेजारच्या कुणाला अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन पाठवता येतं का, तेही फोनवरच विचारून घ्या. आणि तो पुन्हा दारात आला की सही करायला पेन तुमचं वापरा, स्क्रीनवर बोट टेकवावं लागलं तर आधी आणि नंतर हात स्वच्छ करा. आधी त्याच्यासाठी, नंतर तुमच्यासाठी.

यजमानांचं एका वाक्यात: लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस झाले आणि सलग तीन दिवस ताप नसला की मे २०२१ मधल्या नियमाप्रमाणे घरातलं विलगीकरण संपतं; तारीख डॉक्टरांकडून पक्की करून घ्या, आणि तोवर त्यांनी हात लावलेलं काहीही वॉचमनच्या हातात द्यायचं नाही. डबा बाहेरून येत असेल तर स्टीलचा डबा साबणाने घासून द्या, तेवढं पुरतं.

आता आईंबद्दल. त्या म्हणतात, ‘तुझा भाऊ नाही गेला.’ यावर तुम्ही शास्त्र सांगू नका. सीडीसीचा आकडा त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्यांच्या भावाचं तोंडही त्यांना शेवटचं बघायला मिळालं नसेल. तेव्हा हाताने करण्यासारखं काहीच नव्हतं, आता हातात फवारा आहे. तो हिसकावून घेतलात तर त्या दुसरं काहीतरी शोधतील, कदाचित त्याहून वाईट. त्यांना दुसरं काम द्या, खरं काम. घराची हवा त्यांच्या ताब्यात द्या. सकाळी सहाला सगळ्या खिडक्या उघडणं, दुपारी पंख्याची दिशा बघणं, दार उघडणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर मास्क आहे का ते तपासणं, हात धुताना वीस सेकंद मोजणं. मोजायला आकडे नकोत, ‘वदनि कवळ घेता’ सावकाश एकदा म्हटलं की तेवढा वेळ आरामात होतो. त्यांच्या शिस्तीला जागा मिळेल आणि तुमच्या घराला वारा. आठवडाभराने फवाऱ्याची बाटली रिकामी झाली की नवी आणू नका, एवढंच. आणि एखाद्या संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, त्यांना भावाबद्दल विचारा. लहानपणी दोघं कुठे पोहायला जायचे, काय खायचे, असं काहीतरी. सुरुवातीला बोलणार नाहीत.

तुम्ही निष्काळजी नाही, हे वेगळं सांगायला हवं का? सांगते. नाही. पण मीटिंगमधून उठून दार बघणारं कुणीतरी हवं होतं, ते काम दहावीच्या चिरंजीवांना द्या. परीक्षाच नाही म्हटल्यावर वेळ भरपूर आहे. औषध आलं की ओरडायचं, एवढं त्याला जमेल.

राहता राहिला पेपर. एप्रिल २०२० मध्ये सरकारनेच घरोघरी पेपर टाकायला बंदी केली होती, त्यामुळे भीतीवर शिक्काच बसला. बंदी केव्हाच उठली. एप्रिल २०२१ च्या कडक निर्बंधांतसुद्धा घरपोच पेपरला परवानगी दिली गेली. चौदा महिने अण्णांनी पेपराविना काढले, हे मला इन्सुलिनइतकंच गंभीर वाटतं. या वयात सकाळी दाराशी पडलेला तो आवाज म्हणजे दिवस सुरू झाल्याची खूण असते. उद्याच पेपरवाल्याला फोन करा. बाहेरच्या कडीत अडकवून जाईल. इस्त्री नको, ऊन नको, फवारा तर नकोच. फक्त एक सवय बघा: अण्णा पान उलटताना अंगठा जिभेला लावतात का? त्या पिढीतले बहुतेक लावतात. एवढी एक सोडायला लावा. शेजारी वाटीत ओला स्पंज ठेवा, बँकेतले कॅशियर नोटा मोजायला ठेवतात तसा.

पेपर सुरू करायला आणखी एक कारण आहे. आत्यांचं भिजलेलं पत्र वाळवायला तुमच्या घरात जुनी रद्दीसुद्धा नसेल. पत्र अजून दमट असेल तर आधी मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, अक्षर आणखी फुटण्याआधी. मग हलक्या हाताने घडी उलगडून पंख्याखाली सपाट पसरा. चिकटलेली घडी ओढू नका, अर्धवट वाळली की आपोआप सुटते. नंतर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वरखाली रद्दी घालून जाड पुस्तकाखाली दाबा आणि रद्दी बदलत राहा. हेअर ड्रायर नको, इस्त्री नको. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर बहुतेक सगळं वाचता येईल. शाईचं असेल तर जिथे लागणार नाही तिथे आत्यांना फोन करून विचारा. वादळाचा तडाखा राजापूरच्या बाजूलाही बसलाय, नाहीतरी फोन करायलाच हवा.

आणि अण्णांना म्हणावं, बहिणीला उत्तर लिहा. फक्त पाकीट डिंकाने चिकटवा, जिभेने नको. पेशंट तुमच्या घरी आहे, आत्यांच्या नाही.